आंब्याच्या खोडावरच्या खाचा

दर्सितीच्या घरात काहीच पडत नसे. चमचा हातातून सुटला तर तो 'खाली गेला', भिंतीवरचं कॅलेंडर निसटलं तर ते 'उतरलं', आणि पाऊस नुसता 'आला'. हा नियम दर्सितीनंच घातला होता, आणि नवरा नि शाळकरी मुलगी कितीही हसले तरी तिनं तो मोडू दिला नाही. नवरा, कार्सुन, माडावर चढून नीरा काढायचा. सकाळी एकदा आणि तिसऱ्या प्रहरी असरची बांग झाली की पुन्हा एकदा. डोंगराच्या कुशीतलं ते गावच माडांचं होतं. घरोघरी चुलीवर नीरा आटायची, करवंट्यांत गूळ थापला जायचा, आणि दोन-तीन वर्षांतून कुणीतरी झाडावरून यायचं. सरळ यायचं ते.

तिचा बाप तसाच आला होता. पावसाळ्याचे दिवस होते, दर्सिती शाळेत होती. गुरुजींनी दारातून कुणाशी तरी बोलून मागं वळून सांगितलं, "दर्सिती, घरून माणूस आलाय." एवढंच. पण वर्गातली सगळी पोरं एकदम गप्प झाली, कारण त्या गावात भरदिवसा घरून माणूस येण्याचं कारण एकच असतं. बाप मेला नाही. कमरेखालचं सगळं निकामी होऊन बांबूच्या बाजेवर वर्षानुवर्षं पडून राहिला, शिव्या देत, विनोद करत, आणि पावसाची पहिली सर आली की भिंतीकडे तोंड करत. आई रागाच्या भरात म्हणायची की त्यापेक्षा गेला असता तर बरं झालं असतं, आणि मग चुलीतला धूर डोळ्यांत गेल्याचं सांगून रडायची.

तेव्हाच दर्सितीनं ठरवलं होतं की माडवाल्याशी लग्न करायचं नाही. कार्सुनचं स्थळ आलं तेव्हा तिनं त्याचा चेहरा नंतर बघितला, आधी पाय बघितले. माडावर चढणाऱ्याच्या तळपायाला मधोमध आडवा घट्टा पडतो, दगडासारखा. कार्सुनचे तळवे मऊ होते. तो जकार्तात गवंड्याच्या हाताखाली होता. झालं, पोरगी हो म्हणाली. पण पुढं जकार्तातलं काम आटलं, सासऱ्याचे गुडघे गेले, आणि परसातले माड काही चालत दुसऱ्याच्या परसात जाणार नव्हते. एका दुपारी कार्सुननं बापाची कोयती कमरेला खोचली, बांबूची नळकांडी पाठीला बांधली आणि चढला. दर्सितीला वाटलं, आपल्याला कुणीतरी फसवलंय. कुणी ते मात्र तिला सांगता आलं नसतं.

कार्सुन मोठा बेडर गडी. वर पोचला की गाणी म्हणायचा, तीही बेसूर. शेजारच्या झाडावरच्या माणसाशी उंचावरून गप्पा मारायचा. "अरे, खाली जमिनीवर गाड्या असतात, साप असतात, सावकार असतात," तो म्हणायचा, "वर कोण आहे? वारा आणि मी."  त्या गावची रीत अशी की माणूस झाडावर असताना बायकोनं झाडाखाली उभं राहायचं नाही आणि हाक तर मुळीच मारायची नाही. त्याचे पाय जड होतात. म्हणून ती सरपणाच्या ढिगामागं लपून उभी राहायची. रोज, दोन्ही वेळा. वर कधीच बघायची नाही, तेवढी हिंमत तिच्यात नव्हती. ती नुसती खोडाच्या बुंध्याकडे बघायची, जिथं चढण्यासाठी पाडलेल्या खाचांची रांग सुरू होते. अगदी खालच्या खाचेत कार्सुनची टाच दिसली की ती पळत स्वयंपाकघरात जायची आणि कढईत डाव फिरवायला लागायची.

"कढई अजून थंडगार!" कार्सुन आत येऊन ओरडायचा. "दिवसभर करतेस तरी काय गं तू?"

"झोपते," ती म्हणायची. "राणी आहे ना मी."

असं चालू होतं, आणि चालूच राहिलं असतं. पण मग खालच्या शहरातल्या नकली पापण्यांच्या कारखान्यात तपासणीच्या जागा निघाल्या. पापण्या वळायचं काम नगावर असतं, जेवढ्या वळाल तेवढे पैसे. त्या कामाला गावातल्या निम्म्या बायका जात. तपासणीचं काम वेगळं. त्याला महिन्याचा बांधलेला पगार, विम्याचं कार्ड. ही बातमी आणली शेजारच्या तुरसिनानं, जी त्याच कारखान्यात पापण्या वळायची आणि तपासणीच्या जागेसाठी दोनदा परीक्षा देऊन दोनदा नापास झाली होती.

कार्सुन त्या दिवशी कोयतीला धार लावत बसला होता. बातमी ऐकून म्हणाला, "तू लागलीस ना, तर ही कोयती मी त्या खुंटीला टांगून ठेवतो. शेळ्या पाळीन."

"खरं?"

"खरं. शेळ्या उंचावर राहत नाहीत, तुला बरं पडेल."

त्यानं 'पडेल' म्हटलं म्हणून ती त्याच्यावर डाफरली, पण रात्री जेवताना पुन्हा विचारून घेतलं. तो पुन्हा हो म्हणाला. बेडर असला तरी कार्सुन शब्दाचा पक्का होता. म्हणजे आता नवऱ्याचा जीव एका परीक्षेवर आला होता, आणि परीक्षा द्यायची होती तिनं, जिनं शाळा सोडल्यापासून पेन्सिल धरली ती फक्त वाण्याचा हिशेब टिपायला.

तुरसिना शिकवायला आली. दोनदा नापास झालेल्या माणसाला परीक्षेतलं सगळं ठाऊक असतं, पास झालेल्याला काहीच आठवत नाही. ती चुलीपाशी बसकण मारून म्हणाली, "हे बघ ताई, ही परीक्षा शाळेसारखी नसते. तिथं तुला काय येतं ते बघत नाहीत. तू कशी आहेस ते बघतात. आतून."

"आतून म्हणजे?" दर्सितीचा डाव थांबला.

"म्हणजे तू घाबरट आहेस का, आळशी आहेस का, भांडकुदळ आहेस का. मापतात. जसा दुधात पाणी किती ते मापतात तसं. आधी एक कागद देतात, वर्तमानपत्राएवढा मोठा, सगळा आकड्यांनी भरलेला. उभ्या ओळीत लागोपाठच्या दोन आकड्यांची बेरीज करत खालून वर जायचं. मध्येच तो माणूस ओरडतो, 'पुढची ओळ!' की लगेच असशील तिथं सोडून पुढची ओळ धरायची. हात मोडायला येतो. मग चित्रं. माणूस काढा म्हणतील तर हसरा काढ, आणि दहाच्या दहा बोटं काढ, नाहीतर हात लपवतेस म्हणजे काहीतरी लपवतेस असं समजतात. मग झाड."

"झाड येतं मला."

"कुठलं?"

"माड."

तुरसिनानं कपाळावर हात मारला. "मेलीस! माड नाही, केळ नाही, बांबू नाही. ते आधीच सांगतात, तरी दरवेळी डोंगरावरची एक तरी बया माड काढून येते. आंबा काढायचा. पुस्तकात आहे तसा. जाड बुंधा, मुळं जमिनीत गेलेली, वर भरगच्च पानं, मध्ये मोजकेच आंबे. फार आंबे काढलेस तर हावरट."

"आणि झाडात काय बघतात?"

"सगळं. मुळं म्हणजे माहेर, बुंधा म्हणजे तू, वरचा पसारा म्हणजे पुढचं आयुष्य." तुरसिना पुढं झुकली. "पुरवोकेर्तो शहरातून जी बाई येते ना, अंग्रायनी नावाची, ती फार हळू बोलते. पण तुझ्या कागदाकडे बघते आणि तुझ्याकडे बघते, की वाटतं हिला आपली चोळीची गाठसुद्धा दिसत असेल."

तुरसिना गेली आणि दर्सिती कढईपुढं बसून राहिली. तिला आकड्यांची भीती वाटत नव्हती. हात मोडण्याचीही नाही. पण आतलं बघणार याची वाटली, कारण तिच्या आत दुसरं काही नव्हतंच. सकाळी डोळे उघडल्यापासून तिच्या आत एकच गोष्ट असायची आणि ती झोपेतही जायची नाही. घाबरट माणसाला नोकरी देत नसतील तर संपलंच. तिनं आंबा गिरवायला घेतला. कार्सुननं मागून डोकावून बघितलं. "हा कुणाचा आंबा?" तो म्हणाला. "आंबे बघून वटवाघळंसुद्धा रडतील." ती हसली नाही.

परीक्षा कारखान्याच्या जेवणघरात होती. लांबलचक बाकांवर बायका अंतरानं बसवलेल्या, प्रत्येकीपुढं तो पसरलेला आकड्यांचा कागद. नाव पुकारायला, कागद वाटायला इतका वेळ गेला की मुख्य परीक्षा दुपार कलल्यावर सुरू झाली. बु अंग्रायनी, म्हणजे अंग्रायनीबाई, खरंच हळू बोलायची. चाळिशीची, बुटकी, डोक्यावर राखाडी रुमाल. तिनं काय करायचं ते समजावून सांगितलं, घड्याळ हातात घेतलेल्या माणसाला खूण केली, आणि सुरू.

दर्सितीच्या पहिल्या दोन ओळी अडखळल्या. मग हात बसला. तीन आणि आठ, आठ आणि चार, चार आणि नऊ. "पुढची ओळ!" पुन्हा खालून. डोकं रिकामं झालं आणि आकडे आपोआप येऊ लागले, तिला जवळजवळ बरं वाटायला लागलं. आजूबाजूला नुसता पेन्सिलींचा खरखराट होता. आणि तेवढ्यात जवळच्या मशिदीतून असरची बांग सुरू झाली.

तिची पेन्सिल थांबली. आता तो नळकांडी बांधत असेल. सरपणामागं कुणी नाही. समोरचे आकडे आकडेच राहिले, त्यांची बेरीज होईना. सात आणि पाच किती होतात हे त्या क्षणी तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. "पुढची ओळ!" ती पुढच्या ओळीवर गेली, दोन बेरजा केल्या आणि पुन्हा थांबली. बांग संपली. आता पहिल्या खाचेत पाय. शेजारची पोरगी भराभरा वर चालली होती. "पुढची ओळ!" दर्सिती डोळे मिटून बसली, आणखी बऱ्याच ओळी पुकारल्या गेल्या, आणि मग एकदम पेन्सिल कागदावर टेकवून अशी सुटली की कागद फाटेल असं वाटलं.

मग झाडाची पाळी आली. तुरसिनानं सांगितलं होतं तसा आंबा काढायला घेतला. मुळं काढली. बुंधा तर तिनं फार मन लावून काढला, दोन्ही बाजूंनी. वर पानांच्या जागी घाईघाईनं गुंतवळ केली, त्यात चार आंबे लटकवले, आणि कागद दिला.

मग मुलाखतीसाठी बाहेर व्हरांड्यात रांग. तुरसिना तिच्या पुढंच होती, तिसऱ्यांदा परीक्षा देऊन घामाघूम. ती कुजबुजली, "आंबाच काढलास ना?"

"आंबाच."

"माझा तर असा आलाय की तोडून खावा. बुंध्याला भोकंबिकं नाही ना काढलीस? तेवढं मात्र वाईट. मागच्या वेळी एकीनं बुंध्यात पोपटाचं भोक काढलं होतं. तिला विचारलं, लहानपणी काय जखम झाली होती? खोडावरची खूण म्हणजे मनावरची जखम. घरी पाठवली तिला."

 दर्सितीला आपला कागद डोळ्यांसमोर दिसायला लागला. बुंधा काढून झाल्यावर हात थांबला नव्हता. खालपासून वरपर्यंत, एक डावीकडं, एक उजवीकडं, तिनं खाचा काढल्या होत्या. विचार न करता. तिच्या लेखी खोड म्हटलं की खाचा असतातच. बिनखाचांचं खोड तिनं लहानपणापासून मन लावून कधी बघितलंच नव्हतं.  पळून जावं असं वाटलं, पण पळून घरी गेल्यावर तिथंही त्याच खाचा होत्या. आतून तुरसिना हसत बाहेर आली आणि दर्सितीचं नाव पुकारलं गेलं.

बु अंग्रायनीपुढं दोन कागद होते. एकावर आकडे, त्यावर तिनं लाल पेन्सिलीनं प्रत्येक ओळीत दर्सिती जिथवर पोचली तिथली टोकं जोडत एक रेघ ओढली होती. दुसरा आंब्याचा.

"बसा, बु दर्सिती. चहा घेतलात?"

"हो बु." घेतला नव्हता.

"आज मी दिवसभर एकच आंब्याचं झाड बघतेय," बाई म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. "तेच पुस्तक, तीच पानं, तेवढेच आंबे. तुमचाही आंबा तिथलाच आहे. पण हे काय आहे?" तिनं बोट बुंध्यावर ठेवलं, एका खाचेवर.

खोटं बोलायचं ठरलं होतं. दर्सिती म्हणणार होती की मुलांनी आंबे काढायला कोयतीनं पाडलंय, किंवा झाडाची सालच तशी आहे. तिनं तोंड उघडलं, आणि बाई तिच्याकडे बघत होती, रागानं नाही, नुसती थांबून.

"पाय ठेवायला," दर्सिती म्हणाली.

"कुणाचे?"

"माझ्या माणसाचे."

"तुमचे पती आंब्यावर खाचा पाडून चढतात?"

 ती ओढणीचं टोक पिळत बसली. मग एकदम सगळं बाहेर आलं, धरण फुटल्यागत, आणि थांबवता येईना. आंबा नाही बु, माड आहे तो, आम्ही वरच्या गावचे, माड काढू नका म्हणाले म्हणून आंबा काढला, पण हात गेला. मला आंब्याचं काही माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे.

बाईनं आकड्यांचा कागद पुढं सरकवला. लाल रेघ सपाट चालली होती, थोडी वर चढत, आणि मध्येच एका जागी खड्ड्यात गेल्यासारखी खाली आली होती. "इथं काय झालं?"

"असरची बांग झाली," दर्सिती म्हणाली. "त्या वेळी तो चढतो."

"रोज तुम्ही त्या वेळी कुठं असता?"

"तिथंच. लपून."

"वर बघत?"

"नाही बु. वर बघवत नाही. खालीच बघते." आणि मग तिला स्वतःलाच दिसलं, की तिच्या झाडाला बुंधा एवढा नीट आणि वर नुसती गुंतवळ का आहे. तुरसिनाचं बोलणं आठवलं, वरचा पसारा म्हणजे पुढचं आयुष्य. ती म्हणाली, "मी घाबरट आहे बु. लिहून टाका. लपवून काही उपयोग नाही, तुम्हाला दिसतंच."

बु अंग्रायनीनं चष्मा काढून रुमालाच्या टोकानं पुसला. "एका चित्रावरून मला काही दिसत नाही," ती म्हणाली. "म्हणून तर विचारते. बाहेर काहीही सांगत असतील लोक. मला एक सांगा. या खड्ड्यानंतर तुमची रेघ पुन्हा वर गेलीय. पहिल्यापेक्षाही वर, आणि शेवटपर्यंत तिथंच राहिलीय. ते कसं झालं?"

हे कसलं विचारणं? यात विचारण्यासारखं काय आहे, हेच दर्सितीला कळेना. "तेवढ्या वेळात तो उतरलेला असतो," ती म्हणाली.

 बाईनं काहीतरी लिहिलं, लिहायला थोडा वेळ लावला, आणि जायला सांगितलं.

दर्सितीनं कार्सुनला यातलं काही सांगितलं नाही. आपण नापास झालो हे तिनं धरूनच ठेवलं होतं. ते दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. पावसाळा तोंडावर आला होता. खोडं ओली होऊन शेवाळायला लागली होती. आधी निदान आशा नव्हती. आता आशा येऊन गेली होती आणि तिच्या जागी काहीच राहिलं नव्हतं. सरपणामागं उभी राहून ती नवऱ्याऐवजी बु अंग्रायनीच्या त्या राखाडी रुमालाला मनातल्या मनात विनवायची.

निकाल फोनवर आला. तपासणीला निवडलेल्यांत तिचं नाव होतं. तुरसिनाचं नव्हतं. "माझा आंबा काय वाईट होता?" ती दारात उभी राहून रडली, मग दर्सितीनं दिलेला गूळ खाल्ला, मग म्हणाली, "जा, तू तरी जा. तुझं झाड बघून त्यांना दया आली असेल."

कार्सुन खूश झाला. शेळीचा भावही विचारून आला. पण पगार महिना भरल्याशिवाय हातात येणार नव्हता आणि तोवर चूल नीरेवरच चालायची होती. "हा एक महिना," तो म्हणाला, "मग टांगलीच समज." यात चुकीचं काहीच नव्हतं. दर्सितीनं मान हलवली, आणि त्याच वेळी तिच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलोय. सकाळची चढाई ती निघायच्या आधी व्हायची. पण असरच्या वेळी ती कारखान्यात असणार होती. जिनं एवढी वर्षं परीक्षेचा दिवस सोडला तर एकही दुपार चुकवली नव्हती, ती आता तिथं नसणार होती, आणि तेही ऐन पावसाळ्यात.

काम चांगलं होतं. भिंगाखाली नकली पापणी धरायची, एखादा केस वाकडा असला, गाठ सुटलेली असली तर बाजूला टाकायची. दर्सितीच्या नजरेतून काही सुटत नसे. पर्यवेक्षक बाई दोनच दिवसांत म्हणाली, "ही काय डोळ्यांत तेल घालून आली आहे का?" जन्मभर एकाच जागेकडे श्वास रोखून बघायची सवय असलेल्या बाईला पापणी काय मोठी. फक्त बांग झाली की ती हात थांबवून बसायची. शेजारणींना वाटायचं धार्मिक आहे. मग थोड्या वेळानं आतल्या आत म्हणायची, उतरला असेल, आणि पुन्हा भिंग ओढायची. पण ते नुसतं 'असेल' होतं. पूर्वी टाच दिसायची.

फोन गेटवरच्या कपाटात ठेवायला लागत. घरी पोचेपर्यंत काही कळायचं नाही. ती बसमधून उतरली की चालायची नाही, पळायची, आणि वळणावरून आपल्या घराच्या चुलीचा धूर दिसला की मगच श्वास सोडायची. धूर म्हणजे नीरा आली, नीरा आली म्हणजे तो आला. रोज हे असं. ती वाळली. कार्सुन म्हणायचा, "पगार मिळण्याआधी संपून जाशील तू."

त्या दुपारी पाऊस लागून राहिला होता. बांग झाली, तिनं हात थांबवला, मग पुन्हा भिंग ओढलं. आणि थोड्याच वेळानं दारात पहारेकरी उभा दिसला. तो पर्यवेक्षक बाईशी काही बोलला. बाईनं मागं वळून बाकांवरून नजर फिरवली आणि तिच्यावर आणून थांबवली.

"दर्सिती," बाई म्हणाली, "गेटवर जा. घरून माणूस आलाय."

बाकावरच्या डोंगराकडच्या सगळ्या बायकांचे हात थांबले. कुणी वर बघितलं नाही. तुरसिना पलीकडच्या रांगेत पापण्या वळत होती, तिच्या तोंडून "या अल्ला" निघालं. दर्सिती उठली. भिंग नीट बाजूला ठेवलं, अंगावरचं कापड झटकलं, त्याला केस चिकटले होते ते एकेक काढायला लागली. पहारेकरी म्हणाला, "बाई, चला." तेव्हा ती चालायला लागली.

गेटपर्यंतची वाट पत्र्याखालून होती आणि पत्र्यावर पाऊस तडतडत होता. तिला आपले पाय ऐकू येत नव्हते. कोण आलं असेल? दीर असेल. की शेजारचा. त्यानं तोंड उघडायच्या आत आपण मागं फिरलो तर? तोवर काही झालेलं नसेल. मुलगी शाळेतून आली असेल का? तिला कुणी घेतलं असेल? बाज आहे घरात, बापाची, तो गेल्यावर अडगळीत उभी करून ठेवलेली. ती बाज अजून का ठेवली आपण? तिला त्या बाजेचा इतका राग आला की डोळ्यांपुढं अंधारी आली, आणि तिनं भिंतीला हात टेकला.

गेटपाशी कार्सुन उभा होता.

भिजून चिंब झालेला. कमरेला कोयती, पाठीला नळकांडी तशीच बांधलेली, आणि नळकांडी रिकामी. बाजूला कुणाची तरी मोटरसायकल. तो तिच्याकडे बघत होता.

ती जवळ गेली आणि तिनं त्याच्या दंडाला हात लावला, मग खांद्याला, मग पाठीला, गुरं विकत घेताना बघतात तसं. सगळं जागच्या जागी होतं.

"काय झालं?" ती म्हणाली. 

"काही नाही," कार्सुन म्हणाला. "अर्ध्यात गेलो आणि उतरलो."

"का?"

तो खाली बघत राहिला. तिनं आजवर या माणसाला खाली मान घालताना बघितलं नव्हतं. "रोज चढताना अर्ध्यात एकदा खाली बघतो मी. सरपणाच्या ढिगामागं तुझा रुमाल दिसतो. लपतेस, पण दिसतोस तू, मूर्खा. पहिल्या दिवसापासून दिसतेस." त्याला धड बोलताही येत नव्हतं, बाईला बाप्या करून बोलत होता. "तो दिसला की बरं वाटायचं, पुढं चढायचो. हे सगळे दिवस बघितलंच नाही खाली. मुद्दाम. आज खाचेवरून पाय सरकला, फार नाही, जरासा, आणि नजर खाली गेली. कुणी नव्हतं दर्सी. मग मला दिसलं किती उंच आहे ते."

पाऊस तसाच चालू होता. पहारेकरी चौकीच्या खिडकीतून बघत होता आणि न बघितल्यासारखं करत होता.

"भ्यालो," कार्सुन म्हणाला. "खोडाला मिठी मारून राहिलो, लहान पोरासारखा. कसा उतरलो मला आठवत नाही. नाही जमायचं मला आता. पगार आला नाही तर नको येऊ दे, उपाशी राहू. हे सांगायला आलो. घरी थांबवेना."

दर्सितीनं त्याच्या कमरेची कोयती सोडवून घेतली. ती घेऊन आत जाता येणार नव्हतं, म्हणून पहारेकऱ्याच्या टेबलावर ठेवली आणि "सुटल्यावर नेते," म्हणाली. मग तिनं नवऱ्याच्या ओल्या दंडावर एक फटका मारला, चांगला जोरात, आणि तिला रडू कोसळलं. 

ती परत आली तेव्हा सगळं जेवणघराएवढं दालन तिच्याकडे बघत होतं. तुरसिना उठून उभी राहिली होती, तिचे ओठ पांढरे पडले होते. पर्यवेक्षक बाई पुढं आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "कोण पडलं?"

"कोणी पडलं नाही," दर्सिती म्हणाली. तो शब्द तिनं किती वर्षांनी उच्चारला होता. "माझा माणूस उतरला."

आणि ती भिंगापाशी जाऊन बसली.